चाळीस दिवसांचा शब्द

करोनाच्या काळात ‘क्वारंटाइन’ हा शब्द घरोघरी पोहोचला. मिटलेले दार, दारावर चिकटवलेला कागद आणि चौदा दिवसांची मोजणी, एवढाच त्याचा अर्थ अनेकांच्या स्मरणात राहिला. वास्तविक या शब्दाच्या पोटात चौदा नव्हे, चाळीस दिवस दडलेले आहेत. आणि तो घडला व्यापारी बंदरांत.

एड्रियाटिक समुद्राकाठचे रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातील डुब्रॉवनिक, हे नगर समुद्रव्यापारावर जगत होते. प्लेगची साथ पुन्हा पुन्हा उद्भवे. बंदर बंद करावे तर उपासमार, उघडे ठेवावे तर मृत्यू आत येणार. १३७७ साली तेथील महासभेने मधला मार्ग काढला. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्याने नगरात पाऊल ठेवण्यापूर्वी जवळच्या बेटावर किंवा नेमलेल्या गावी तीस दिवस काढावेत. त्याला विनापरवाना भेटावयास जाणाऱ्यालाही तेथेच महिनाभर राहावे लागे.

पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात. त्यावरून व्हेनिसच्या बोलीत ‘क्वारांतेना’ आणि इंग्रजीत ‘क्वारंटाइन’ शब्द आला. व्हेनिसने १४६८ साली एक बेट संशयित जहाजांसाठी राखून ठेवले. तेथे माल उतरवून त्याला मोकळी हवा व धुरी देत. त्या बेटावरील वखारीच्या भिंतींवर प्रतीक्षा करणाऱ्या व्यापाऱ्यांनी व हमालांनी लिहिलेला मजकूर आजही दिसतो.

चाळीस दिवस म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. माल अडकतो, भाव उतरतो, देणेकरी मात्र थांबत नाही. रागुसाच्या महासभेत बसणारी सरदार घराणी स्वतः व्यापारात गुंतलेली होती. म्हणजे नियम करणाऱ्यांनी प्रथम स्वतःच्याच नफ्याला बांध घातला. रोगजंतूंचे ज्ञान कोणालाही नव्हते. आपल्या मालासोबत आपण दुसऱ्याच्या घरी मरण नेऊ नये, एवढी जाण मात्र होती.

वहीत हा तोटा खर्चाच्या बाजूला मांडला गेला असेल. ज्यांचे प्राण त्यामुळे वाचले, त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. त्यांचा जमाखर्च या एका शब्दाने सांभाळला आहे.