शंभरातले किती उगवले

मटकीला मोड यायला उन्हाळ्यात एक रात्र पुरते. थंडीत तीच मटकी फडक्यात बांधून दोन दिवस चुलीजवळ ठेवावी लागते. आमच्याकडं कुठल्याही बाईला विचारा, सांगेल. मटकी तीच, पाणी तेच, फरक फक्त उबेचा. शेतातल्या बियाण्याचंही तसंच आहे. पण शेत काही उचलून चुलीजवळ ठेवता येत नाही. तिथं बियाला जे मिळेल त्यावर भागवावं लागतं.

माझी माय नवरात्रात घटाची माती रानातूनच आणायची. त्या काळ्या मातीत ज्वारी, गहू, करडई, हरभरा टाकायची. घट कसा वाढला, कोणतं धान दाट आलं, कोणतं विरळ आलं, यावरून जुनी माणसं रब्बीचं बी पारखायची. देवापुढं केलेली ती उगवण चाचणीच होती. आम्हा पोरांना त्यातलं काय कळतंय? आम्ही दसऱ्याला ते तुरे टोपीत खोवून गावभर हिंडायचो.

मी दहावीपर्यंत शिकलो. बरंच विसरलो, पण मास्तरांनी दाखवलेला एक प्रयोग ध्यानात राहिला. काचेच्या ग्लासात एक पट्टी उभी केली. तिला घेवड्याचे तीन दाणे बांधले. एक पाण्यात बुडालेला, एक पाण्याच्या काठावर, एक वर कोरडा. आठवडाभरात मधलाच नीट उगवला. खालच्याला हवा नव्हती, वरच्याला पाणी नव्हतं. घरी येऊन वडलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "यालाच वापसा म्हणतेत." खरंच होतं. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि टाकला की फुटावा. ओल आहे पण चिखल नाही. रानातला सगळा दाणा मधला दाणा होतो, तो वापसा.

पुढं आमच्या लातूरकडं ज्वारी हटली आणि सोयाबीन आलं. हे पीक पैसा देतं, पण बी फार नाजूक. साल पातळ. पोतं गाडीवरून आपटलं किंवा मळणी यंत्र जोरात फिरवलं की आतला अंकुर दुखावतो, आणि वरून दाणा चांगलाच दिसतो. तीन-चार सेंटिमीटरच्या खाली गेलं तर वर येता येता दमतं. पेरल्यावर पाऊस झोडपून गेला आणि मागून कडक ऊन पडलं की मातीवर खपली धरते, कोंब आतल्या आत मान मोडतो. म्हणूनच 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं.

2019 ला काढणीच्या वक्ताला परतीच्या पावसानं धिंगाणा घातला. आमच्या दोन एकरांची रास पावसाआधी घरात आली, बाकीचं रानात भिजलं. मंडळी म्हणाली, "अहो, ह्या दोन राशी एकात करू नका." वाळवल्यावर दोन्ही दाणे सारखेच दिसत होते, तरी तिनं पोती वेगळी ठेवली. मे महिन्यात तिनं गोणपाट भिजवलं, दहा-दहाच्या ओळीनं शंभर दाणे मांडले, सुरळी करून सावलीत ठेवली आणि रोज पाणी शिंपडलं. दुसऱ्या राशीचं गोणपाट वेगळं. सातव्या दिवशी उलगडलं. धड कोंब तेवढे मोजले, वाकडे-कुजके सोडले. कोरड्या राशीचे 78 आले, भिजलेल्या राशीचे 46. ती दुसरी रास आम्ही बाजारात घातली.

2020 च्या जूनमध्ये सोयाबीन उगवलं नाही म्हणून सगळ्या मराठवाड्यात ओरड झाली. माझ्या चुलतभावाच्या तीन एकरांत विकतचं बी होतं. ओळीत हात-हातभर खांडण्या पडल्या. पंचनाम्याला माणसं आली. त्यांनी पावती, पिशवी, पिशवीवरचा टॅग आणि उरलेलं बी मागितलं. पावती होती. पिशव्या बांधावरून उडून गेल्या होत्या आणि बी तर मूठभरसुद्धा उरलं नव्हतं. बी मुळातच मेलेलं होतं, का ओल कमी पडली, का पाभर खोल गेली? कुणालाच सांगता येईना. दुबार पेरणीला भावजयीच्या पाटल्या गहाण पडल्या. भाऊ संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "दादा, नुकसान तर झालंच. पण दोष कुणाला द्यावा हेही कळंना." त्याचं ते बोलणं मला पाटल्यांपेक्षा जास्त लागलं.

बी मातीत गेलं की बी, पाऊस, माती आणि ऊन सगळं एकात मिसळतं. त्याच्या आधी बी एकटं असतं, तेव्हाच त्याला विचारून घ्यावं लागतं. खर्च काय, एक गोणपाट आणि तांब्याभर पाणी.

आता आमच्याकडं मे महिन्यात बऱ्याच ओसऱ्यांवर गोणपाटाच्या सुरळ्या दिसतात. विकतच्या पिशवीतलंही मूठभर बी, टॅगसकट, डब्यात निघतं. शंभरात सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बी पेरायचं, सत्तरच्या खाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं आणि साठच्या खाली गेलं तर ते बी वापरायचंच नाही, हा हिशेब तोंडपाठ झालाय.

यंदा भाऊ सुरळी घेऊन थेट आमच्या अंगणातच आला. "वहिनी, सदुसष्ट भरले. किती वाढवू?"

"दीड किलो," मंडळी म्हणाली. "आन् वापसा आल्याबिगर पाभर जुंपू नका."