पाणी आलं काय?

वर्गात विचारलेला एखादा प्रश्न तास संपला तरी संपत नाही. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी शिकवताना मी नेहमीप्रमाणे निग्रह, ध्येयनिष्ठा, त्याग असे शब्द फळ्यावर लिहीत होते. चंदगडकडची, कोल्हापुरात वसतिगृहात राहणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, ''मॅडम, तिला तिकडं आंघोळीला गरम पाणी मिळत असेल काय?'' वर्ग हसला. मीही हसले आणि पुढचा मुद्दा घेतला. तेव्हा हसायला नको होते, हे मला काही वर्षांनी आईमुळे कळले.

२०१८ च्या ऑक्टोबरात आई न्यू जर्सीला धाकट्या भावाकडे गेली. त्याच्याकडे बाळ येणार होते. सहा महिने राहायचे ठरले. तिथे चोवीस तास गरम पाणी, भांडी धुवायला यंत्र, घरभर ऊब. इकडे चाळीसएक वर्षे पहाटे उठून जिने नळाचे पाणी भरले, घागरी-कळश्या आणि पिंप भरून झाल्यावर तांब्याचा बंब पेटवला, तिला आता विसावा मिळेल याचे आम्हा भावंडांना समाधान होते. पण दर रविवारी फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे : ''पाणी आलं काय?'' मी म्हणायचे, ''अगं आई, तिथं बसून इथल्या नळाची काळजी कशाला करतेस? आराम कर की.'' त्यावर ती गप्प व्हायची.

परदेशस्थ मराठी माणसांच्या लेखनाविषयी बोलताना आम्ही प्राध्यापक मंडळी 'स्मरणरंजन' हा शब्द फार सहज वापरतो. रंकाळ्याची संध्याकाळ, पावाच्या स्लाइसबरोबरची मिसळ, गंगावेशीत डोळ्यांसमोर धार काढून दिलेले म्हशीचे दूध, अशी यादी लेखात आली की आमचा शेरा तयार असतो. तो सर्वस्वी चुकीचा असतो असेही नाही. दुरून पाहताना गावातली धूळ दिसेनाशी होते, हे खरेच आहे. परंतु आईच्या प्रश्नात रंजन कुठे होते? नळाची वाट पाहणे ही काही गोड आठवण नव्हे. तिला सुखसोयींची उणीव भासत नव्हती. ज्या गैरसोयीत तिचा हात बसला होता, पाण्याचा आवाज ऐकून पिंप किती भरले हे जिच्यात तिला अंधारातही कळत असे, ती गैरसोय तिच्यापाशी नव्हती. आपण 'घरचे सुख' म्हणतो त्यातला मोठा भाग अशा तोंडपाठ झालेल्या कष्टांचाच असतो, असे मला आता वाटते.

हे ध्यानात आल्यावर मी आनंदीबाईंच्या चरित्राकडे पुन्हा वळले. ७ एप्रिल १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून गोपाळरावांशिवाय निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. रोझेल या गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना माया मिळाली. हे रोझेल न्यू जर्सीतच आहे. माझ्या भावाच्या घरापासून फार लांब नाही. खरे हाल झाले ते फिलाडेल्फियाला वैद्यकीय शिक्षण घेताना. खोलीतली शेगडी पेटवली तर धूर कोंडायचा, न पेटवली तर गारठा सोसावा लागायचा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायचे ठरवले आणि तसे गोपाळरावांना पत्राने कळवले. मांसाहार करायचा नाही हा निश्चय तर होताच. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तोवर प्रकृती ढासळली होती. या हकिगती मला पूर्वीही ठाऊक होत्या. पण मी त्या 'त्याग' या शब्दाखाली उदाहरणे म्हणून मांडत असे. त्या शब्दाखाली थंडीने काकडणारी मुलगी दिसेनाशी होते, याचे भान मला नव्हते.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गोपाळराव टपाल खात्यात होते आणि १८७८ च्या सुमारास हे जोडपे कोल्हापुरातच राहत होते. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणारी, मिशनच्या शाळेत शिकायला जाणारी बायको म्हणून आनंदीबाईंना लोकांची हेटाळणी सोसावी लागली. म्हणजे घर म्हणावे असे जे होते, तेही त्यांच्याशी मायेने वागले नव्हते. पुढे याच कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाचे काम देऊ केले. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या जागेवर त्या एक दिवसही काम करू शकल्या नाहीत. घराची ओढ असणे म्हणजे घराला चांगुलपणाचे प्रशस्तिपत्र देणे नव्हे, हे मला सीपीआरवरून जाता-येता आठवते.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आई परतली. तिला आनंद व्हावा म्हणून आम्ही दरम्यान गच्चीवर मोठी टाकी बसवली होती, सोलर घेतला होता, पिंप काढून टाकले होते आणि बंब माळ्यावर चढवला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा आई न्हाणीघराच्या दारात उभी होती. ती चिडली नाही. ''बरं झालं की,'' एवढेच म्हणाली आणि पुन्हा जाऊन पडली. सहा महिने जे तिने मनात जपले होते, ते आम्ही तिच्याच सुखासाठी मोडून ठेवले होते आणि तिला विचारलेही नव्हते.

त्या दिवाळीत तिने बंब खाली काढायला लावला, चिंच लावून लखलखीत घासला आणि पहिल्या आंघोळीचे पाणी त्यातच तापवले. मी मुकाट्याने लाकडे आणून दिली.

आता 'आनंदी गोपाळ' शिकवायला घेतले की मी त्या शेगडीपासून सुरुवात करते. निग्रह आणि ध्येयनिष्ठा नंतर येतात, आणि मुलांना त्या अधिक नीट कळतात, असा माझा अनुभव आहे. चंदगडच्या त्या मुलीला मात्र हे सांगायचे राहून गेले.