संकासुराचा काळा, गणपतीचा पांढरा

दशावताराचा खेळ उभा राहतो तो देवाची पालखी फिरून आल्यावर, मध्यरात्रीच्या पुढे, आणि संपतो पहाटे दहीकाल्याला. एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज एवढ्या सामानावर अख्खं आख्यान रंगतं. लिहिलेली संहिता नसते. त्यामुळे पात्र पुढच्या क्षणी कुठे वळेल, हे फोटो काढणाऱ्यालाच काय, समोर उभ्या असलेल्या नटालाही नक्की ठाऊक नसतं. सोनुर्लीच्या माउलीपासून लहानसहान वाड्यांवरच्या जत्रांपर्यंत, सिंधुदुर्गात मी हे वर्षानुवर्षं टिपत आलो. फिल्म वापरावी की डिजिटल, हा प्रश्न मला पडला तो तिथेच, देवळासमोरच्या मांडवात. आणि दर वेळी त्याचं उत्तर बदललं ते मांडवातल्या दिव्यांमुळे.

सुरुवात कृष्णधवल फिल्मवर झाली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ रोल तेव्हा खिशाला परवडायचा. पुढे इलफर्डचा एचपी-५ हाताशी आला. त्याची संवेदनशीलता ४००. दिवसा ती भरपूर वाटते, पण चार बल्बांच्या उजेडात शटर इतका वेळ उघडं ठेवावं लागतं, की भीमाने गदा उचलली की फोटोत गदेच्या जागी नुसता फराटा. म्हणून तीच फिल्म १६०० ची समजून वापरायची आणि कसर धुताना भरून काढायची. याला आम्ही ‘पुश’ करणं म्हणतो. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंश तापमानाला ४०० साठी साडेसात मिनिटं लागतात, १६०० साठी १४. आता कोकणात नळाला २० अंशांचं पाणी कुठून येणार? टाकीभोवती बर्फ ठेवून आणि थर्मामीटरवर डोळा ठेवून ते काम चालायचं.

पुश केल्याने फिल्मचे दाणे मोठे होतात, ते मला कधीच खटकलं नाही. अडचण वेगळीच होती. सावलीत जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे जास्त धुऊनही काही उमटत नाही. दशावताराच्या पूर्वार्धात, आडदशावतारात, गणपती येतो आणि पुढे काळ्या पोशाखातला संकासुर. गणपतीचा उजळ मुखवटा आणि सफेदा लावलेले चेहरे निगेटिव्हवर दाट उतरायचे, तरी त्यातले बारकावे शाबूत असायचे. प्रिंट काढताना तेवढ्या भागाला जास्त उजेड दिला की नाकाची धार, गालाचा उंचवटा, सगळं हजर. संकासुराचा अंगरखा मात्र कोरा. चुण्या नाहीत, बाह्या नाहीत, नुसता काळा खड्डा.

डिजिटलने हे गणित नेमकं उलटं केलं. सेन्सरवर सफेदा एकदा का प्रमाणाबाहेर उजळला, की तिथे माहितीच उरत नाही. ती कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. उलट काळोखात बरंच काही दडलेलं असतं. म्हणून आता मी चेहऱ्याचा पांढरा सांभाळून फोटो घेतो, चित्र थोडं अंधारं येऊ देतो आणि संकासुराला नंतर उजेडात आणतो. त्याच्या अंगरख्याच्या चुण्या मी पहिल्यांदा पाहिल्या त्या संगणकावर. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

रंगांचा प्रश्न तर फिल्मवर सुटतच नव्हता. नेहमीची रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी, सुमारे ५५०० केल्व्हिनसाठी बनवलेली असते. रंगपटात बल्ब, म्हणून चेहरे नारिंगी; मांडवात ट्यूब, म्हणून तेच चेहरे हिरवट. एकाच रोलमध्ये दोन आजार. कृष्णधवलमध्ये हा त्रास नाही, पण तिथे लाल शेला आणि हिरवी साडी बहुधा एकाच राखाडी रंगात येतात, आणि दशावतारात तर पात्राची ओळखच रंगांवरून. डिजिटलच्या रॉ फाइलमध्ये हा तोल प्रत्येक फोटोपुरता वेगळा साधता येतो. रंगमंच टिपायला डिजिटलच, हे माझ्यापुरतं या एका कारणाने ठरलं.

मग एलईडी आले. काही एलईडी विजेच्या लयीत सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याचं आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं आणि फोटोवर आडवे पट्टे उठतात. त्यामुळे मी पुन्हा यांत्रिक शटरवर आलो, वेग सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. त्याचा आवाज होतो, तो झांजेच्या ठेक्यात लपवावा लागतो.

नटांच्या बाजूने पाहिलं तर बदल याहून मोठा आहे. फिल्मच्या काळात रंगपटात एकच प्रश्न असायचा, “फोटो कधी गावतलो?” आणि उत्तर बहुतेकदा पुढची जत्रा. आता तोंडावरचा रंग उतरायच्या आत फोटो त्यांच्या मोबाइलवर गेलेला असतो. स्त्री भूमिका करणारे एक ज्येष्ठ नट कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला बराच वेळ न्याहाळत राहिले. मंद, पिवळ्या उजेडासाठी शिकलेली रंगरंगोटी एलईडीच्या पांढऱ्या झोतात भडक दिसत होती. पुढच्या जत्रेत त्यांनी काजळ बारीक केलं, सफेदा पातळ केला. असं झालेलं मी फिल्मवर काम करताना कधीच पाहिलं नव्हतं.

फिल्मकडून डिजिटलकडे नावाजलेले छायाचित्रकारही वळले. रघू राय यांनी २००३ च्या सुमारास डिजिटल हातात घेतला आणि ते मागे वळले नाहीत. सेबास्तियाओ साल्गादो यांची वाट मला जास्त जवळची वाटते. ‘जेनेसिस’ या प्रकल्पाच्या मध्यावर, २००८ मध्ये, विमानतळांवरच्या क्ष-किरण तपासण्यांना कंटाळून तेही डिजिटलकडे वळले. पण फोटो निवडायचे ते छापील काँटॅक्ट शीटवर, भिंग लावून, आणि निवडलेल्या फाइलींवरून पुन्हा निगेटिव्ह करून घ्यायचे. तयार झालेला फोटो हातात धरण्याजोग्या वस्तूत उरला पाहिजे, हा आग्रह मला पटतो.

नीट फिक्स केलेली, भरपूर पाण्यात धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह कित्येक दशकं टिकते. माझे फिल्मच्या काळातले रंगीत प्रिंट मात्र फिके पडले आहेत. अर्थात फिल्मच्या जिलेटिनवर बुरशी आनंदाने वाढते आणि कोकणचा पावसाळा तिला पोषकच. म्हणून निगेटिव्ह हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. फाइलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी.

मध्यंतरी एका दशावतार कंपनीचा गणपतीचा लाकडी मुखवटा तडकला. जत्रेत त्याची पूजा होते, त्यामुळे नवा हवा तो अगदी तसाच. कारागिराला मुकुटाची जुनी कोरणी दाखवली ती एचपी-५ च्या एका निगेटिव्हने, मोठी करून. मधल्या काळात रंगांचे थर चढून ती बुजली होती. रंग जुळवले ते अलीकडच्या डिजिटल फोटोंवरून. तरी त्याचं समाधान होईना. “सोंडेचो वळसो बाजूसून कसो दिसता, तो फोटो आसा?” तो नव्हता. सगळे फोटो प्रेक्षकांच्या बाजूचे, समोरून घेतलेले.

म्हणून या हंगामात खेळ डिजिटलवरच घेणार आहे, आणि फिल्मचा कॅमेरा मुखवट्यांसाठी वेगळा ठेवला आहे. दुपारी, रंगपट उघडण्याआधी, देवळाच्या ओसरीवर: समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून. शेजारी एक मोजपट्टी. आज धुलाईसकट एक रोल हजाराच्या पुढे सहज जातो. दोन कंपन्यांनी होकार दिलाय, तिसरीच्या मालकांना तुळशीच्या लग्नाआधी भेटायचं आहे.