ताठ पाठीची सायकल

स्वस्त वस्तूकडे पाहण्याच्या आपल्यांत दोन तऱ्हा आहेत. एक म्हणते, 'स्वस्त तितकें वाईट'. दुसरी म्हणते, 'महाग घेणारे ते मूर्ख.' दोहोंतहि एक मोठी सोय आहे: वस्तु हातांत घेऊन पारखण्याचे श्रम वांचतात. गेल्या महिन्यांत हे श्रम मला करावे लागले, आणि तेहि एका सायकलीकरितां.

माझ्या पुतण्याला डोंगर उतरण्याचा छंद आहे. पायीं नव्हे, सायकलीवरून. मुळशी तालुक्यांतील मुरमाच्या वाटा, पावसानें उघडे पडलेले धोंडे, मधूनच हात-दीड हात उंचीची पायरी, हें सारें वेगानें ओलांडून खालीं यावयाचें, असा हा खेळ. वर्षभर शिकवण्या करून त्यानें पाऊण लाख रुपये साठविले होते. दोन्हीं चाकांना सस्पेन्शन असलेली भरंवशाची सायकल तेवढ्यांत येत नाहीं. म्हणून त्यानें बासष्ट हजारांची एक 'हार्डटेल' हेरून ठेवली होती. हिच्या पुढच्या चाकाला, दुकानांत ज्याला 'शॉकअप' म्हणतात तो असतो. मागचें चाक मात्र सांगाड्याला ताठ जडविलेलें. मी आयुष्यभर सायकलीवरून डोंगर हिंडत आलों असल्यामुळें घरांत मला या विषयांतला जाणता समजतात. "काका, तुम्ही एकदा चालवून पाहा," असें पुतण्या म्हणाला. त्याच्या आईचा प्रश्न अधिक सरळ होता. "भावजी, ही चांगली आहे म्हणून घ्यायची, कीं परवडते म्हणून?"

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं वाचकांना एका जुन्या गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. या खेळाला आकार आला तोच मुळीं जुन्यापान्या सायकलींवर. कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत १९७६ सालच्या ऑक्टोबरांत कांहीं तरुणांनीं डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. त्यांच्या जाडजूड सायकली चाळीसएक वर्षांपूर्वींच्या घडणीच्या होत्या. शॉकअप ना पुढें, ना मागें. उलटें पेडल मारलें कीं लागणारा ब्रेक मागच्या हबमध्यें असे. तळाशीं पोहोंचेपर्यंत तो इतका तापे, कीं आंतलें ग्रीज जळून धूर निघे, आणि हब उघडून नवें ग्रीज भरावें लागे. त्यावरून त्या वाटेचें नांवच 'रीपॅक' पडलें. धक्के त्या तरुणांनीं हंसत सोसले. थांबण्याच्या साधनाची मात्र त्यांना प्रत्येक वेळीं निगा राखावी लागली.

म्हणून मीं प्रथम ब्रेक पाहिले. ते तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक होते, पुढची तबकडी १८० मिलिमीटरची. लांब उतारावर वारंवार दाबूनहि शेवटच्या वळणापर्यंत त्यांचा जोर ओसरला नाहीं. दुसरी गोष्ट सांगाड्याची. पुढचा फोर्क जमिनीशीं ६५ अंशांचा कोन करतो. पूर्वींच्या डोंगरी सायकलींत तो बहुधा ७०-७१ अंशांचा असे. फोर्क जितका कललेला, तितकें पुढचें चाक स्वाराच्या पुढें राहतें आणि तीव्र उतारावर हँडलवरून फेंकलें जाण्याचें भय कमी होतें. त्याचा मोबदला चढावर द्यावा लागतो. वेग मंदावला कीं चाक इकडे तिकडे भरकटूं लागतें. मौज ही, कीं नळ्या कोणत्या कोनांत जोडाव्या यास कारखानदाराला जादा खर्च येत नाहीं; लागतो तो विचार. महागड्या सायकलीचा हा गुण स्वस्त सायकलींत म्हणूनच उतरूं शकतो.

फोर्क हवेचा आहे, १३० मिलिमीटर दबणारा. स्वाराच्या वजनाप्रमाणें हवा कमीजास्त करतां येते. सुटा धोंडा तो सहज गिळतो. धोंड्यांची रांग लागली म्हणजे मात्र त्याची तारांबळ उडते. मागच्या बाजूस तर प्रत्येक दगडाचा निरोप थेट पायांना मिळतो. वीस मिनिटांच्या उतारानंतर माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या. परंतु याच ताठपणानें गुडघे सैल ठेवावयास, वाट चार हात आधींच निवडावयास शिकविलें जातें. दोन्हींकडून दबणारी सायकल स्वाराच्या चुका पोटांत घालते; ही त्या तत्काळ त्याच्या पदरांत टाकते.

जेथें पैसा खरोखर वांचविला आहे, तें ठिकाण म्हणजे टायर. त्यांचें रबर कठीण आणि बाजू पातळ. ओल्या काळ्या खडकावर मागचें चाक दोनदां निसटलें. एकदां दगड आणि रिम यांच्यामध्यें ट्यूब चिमटली जाऊन तिला शेजारी शेजारी दोन छिद्रें पडलीं. मागचा सारा भार ताठ चाकावर येत असल्यानें हा दोष येथें अधिक जाचतो. सुदैवानें तो बदलतां येण्याजोगा आहे. जाड बाजूंचे, ट्यूबविरहित बसणारे टायर घातले, कीं हवा थोडी कमी ठेवून पकड वाढवितां येते. चाकांचे आंस आरपार जाणारे, आजच्या मापाचे असल्यामुळें पुढेंमागें चांगलीं चाकेंहि बसतील. सांगाडा कोता असता, ब्रेक दुबळे असते, तर मीं नकार दिला असता. सांगाडा बदलणें म्हणजे नवी सायकलच घेणें. आणि दुबळा ब्रेक ज्या दिवशीं कळतो, त्या दिवशीं फार उशीर झालेला असतो.

वहिनींना मीं सांगितलें, "परवडते म्हणून पाहिली, आणि चांगली आहे म्हणून घ्यावी. मात्र पाऊण लाखांपैकीं उरलेले तेरा हजार त्यानें दुसऱ्या कशावर उधळूं नयेत. त्यांत नवे टायर, हेल्मेट आणि गुडघ्यांचीं कवचें यावयाचीं आहेत. तीं आलीं म्हणजेच सायकल पुरी झाली."

वहिनींनीं आणखी कांहीं विचारलें नाहीं. त्या आंत गेल्या, आणि हेल्मेटपुरते पैसे आपल्या डब्यांतून काढून त्यांनीं मुलाच्या हातावर ठेवले.