बरणीला भोकं

कोळी आमच्या घरात आधीपासून होतेच. माळ्यावर, न्हाणीत, देवघराच्या मागं. दर दिवाळीला लांब काठीला केरसुणी बांधून त्यांना निरोप द्यायचा, ही पेठ वडगावातल्या कुठल्याही जुन्या घराची रीत. त्यामुळं पोरानं पैसे साठवून, पुण्याहून कुरिअर करवून कोळी मागवला, तेव्हा आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एवढंच विचारलं, "इकत आणलास? आन् माळ्यावरचं काय फुकट हाईत म्हणून नकोत व्हय?"

ही 2022 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. पोरगा अकरावीतून बारावीत गेला होता. आलेला कोळी नखाएवढा होता. औषधाच्या गोळ्यांच्या डबीत टिश्यू पेपरात गुंडाळलेला. टॅरेंटुला म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातला केसाळ पंजा होता. हा तर गुलाबीसर अंगाचा, काळसर पावलांचा, फुंकर मारली तर उडेल असा. पोरानं सांगितलं, मोठा झाला की याचे रंग उलटे होतात. अंग काळं पडतं आणि पावलांची टोकं गुलाबी होतात. म्हणून इंग्रजीत याला गुलाबी बोटांचा कोळी म्हणतात. शास्त्रीय नाव अविक्युलेरिया अविक्युलेरिया. मूळ गाव दक्षिण अमेरिका: सुरीनाम, गयाना, ब्राझीलचा उत्तर भाग. राहणार झाडावर. जमिनीत बीळ करणाऱ्यांपैकी नव्हे.

"झाडावरचे आपल्याकडं नाहीत का?" मी विचारलं. आहेत, आणि फार देखणे आहेत. पोइसिलोथेरिया त्या वंशाचं नाव. त्यातल्या एका निळ्या कोळ्याचं चित्र पोराच्या टेबलासमोर चिकटवलेलं आहे. तो पहिल्यांदा सापडला आंध्रातल्या गुत्ती गावी, रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत, आणि पोकॉक नावाच्या इंग्रजानं 1899 मध्ये त्याची नोंद केली. नंतर शंभर वर्षं त्याचा पत्ता नाही. 2001 मध्ये नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात तो पुन्हा दिसला. तोवर झाडं तुटून त्याला राहायला थोडीशीच जागा उरली होती. परदेशातले शौकीन मात्र आज तो बरण्यांमधून वाढवतात. 2019 मध्ये हा सगळा वंश साइट्सच्या, म्हणजे जंगली जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत आला. आपल्या रानातला असला कोळी उचलून घरी आणायचा नाही, हा पोराचा स्वतःचा नियम होता आणि मला तो आवडला. पण या सुरीनामच्या पिल्लाची पणजी कुठल्या वाटेनं भारतात आली, हे विकणाऱ्यानं सांगितलं नाही, आणि आम्हीही फार खोदून विचारलं नाही. ते मनात राहिलं आहे.

तर तो पहिला कोळी. जुलैत पोरगा क्लाससाठी दहा दिवस कोल्हापूरला मामाकडं राहिला. जाताना मला सांगून गेला: तीन दिवसांनी एकदा डबीच्या एका कडेला पाण्याचे दोन थेंब, बाकी हात लावायचा नाही. पाऊस असा लागला होता की वाळत घातलेले कपडे चार दिवस ओलेच. मला वाटलं, एवढंसं जीव, त्याला गारठा बाधेल. आणि हा तर पावसाळी जंगलातला, त्याला ओल हवीच असणार. मी डबीच्या भोकांवरून प्लॅस्टिकची पिशवी ताणून रबर लावलं. सकाळ-संध्याकाळ इस्त्रीच्या फवाऱ्यानं आत पाणी उडवलं. आतल्या भिंतींवर दव जमायचं, ते बघून मला समाधान वाटायचं.

आठव्या दिवशी तो तळाशी होता. पाय पोटाखाली मुडपलेले. कोळ्याला पाय आखडायला स्नायू असतात, पण ते लांब करायचं काम बरंचसं अंगातल्या द्रवाच्या दाबावर चालतं. जीव गेला की दाब जातो आणि पाय मुठीसारखे मिटतात. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त मूठ दिसली.

पिशवी आणि रबर मी चुलीत टाकलं. पोरगा आला तेव्हा म्हणाले, "तू सांगितलंस तसंच केलं रे." त्यानं डबी उजेडाकडं धरून पाहिली. "भोकं कमी पाडली मी," तो म्हणाला. "हवा खेळली नाही. माझंच चुकलं." मी शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवते. त्या दिवशी मी कणीक मळत राहिले.

दुसरा कोळी त्यानं पुढच्या वर्षी बारावीच्या परीक्षेनंतर आणला आणि या खेपेला अभ्यास करून. त्यातलं मला समजलं ते असं. या जातीची पिल्लं पाळणाऱ्यांच्या हातून पुष्कळ मरायची, कारण सगळे एकमेकांना सांगायचे, जंगलातला आहे, ओलसर ठेवा. पण जंगलात झाडावर, उंचावर, वारं असतं. पाऊस पडतो आणि वाळतो. डबीत पडलेली ओल वाळत नाही, ती कुबट होते. टॅरेंटुलाच्या पोटाखाली फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात, आत पुस्तकाच्या पानांसारखे पापुद्रे. या जातीला कोंडलेली दमट हवा सोसत नाही. पाणी प्यायला मिळालं की थोडा कोरडेपणा तो चालवून घेतो. शिवाय शेगडी लावून घरं तापवणाऱ्या देशांतल्या लोकांनी लिहिलेली ओलीची मापं जुलैतल्या वडगावला लावायची म्हणजे कमालच. आमच्याकडं भिंतींनाच पाणी सुटतं.

ऑगस्ट 2023 मध्ये पोराला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. कोळी तोवर रुपयाच्या नाण्याएवढा झाला होता. जायच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघांनी त्याचं नवीन घर केलं.

घर म्हणजे शंकरपाळ्यांची प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी. झाडावरच्या कोळ्याला रुंदीपेक्षा उंची लागते. ती आम्ही उलटी केली, झाकण खाली आणि बूड वर. कारण हा कोळी वरच्या कोपऱ्यात जाळ्याची नळी विणून राहतो. वरून झाकण उघडलं की दरवेळी त्याचं घर फाटणार. झाकणात दोन बोटं कोकोपीट, रोपवाटिकेत विटेसारखं मिळतं ते, भिजवून, पिळून, मग पुन्हा दिवसभर पसरून जवळजवळ कोरडं केलेलं. आत तिरकी टेकवायला साल हवी. परदेशात कॉर्कची साल वापरतात, ती इथं कुठली! आजूबाजूच्या उसात तणनाशकापासून सगळं मारलेलं, त्यामुळं बांधावरचं लाकूड नको. परसात आमचा पेरू आहे, त्याला आयुष्यात कधी औषध लागलेलं नाही. त्याची वाळलेली फांदी उकळून, उन्हात कडकडीत वाळवून घेतली.

फांदी बसवताना पोरानं एक चित्र दाखवलं. मारिया सिबिला मेरियन नावाच्या बाईनं सुरीनामला जाऊन तिथले किडे-फुलपाखरं रंगवली, आणि 1705 मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचं पुस्तक काढलं. त्यातल्या एका पानावर हाच कोळी चिमुकल्या पक्ष्याला खातोय. पक्षी खाणारा कोळी म्हणून पुढं लोकांनी तिला बरंच खोटं पाडलं, पण लिनियसनं 1758 मध्ये याचं नाव ठेवलं ते पक्ष्यावरूनच. आणि चित्रातलं झाड पेरूचं आहे! पेरूही मूळचा तिकडचाच. मला उगीच बरं वाटलं, म्हटलं, चला, माहेरचं काहीतरी मिळालं.

फांदीच्या वरच्या टोकाला कापडी फुलांच्या माळेतली चार पानं बांधली, जाळ्याला आधार म्हणून. मग भोकं. दाभण गॅसवर लाल करायचं आणि बाहेरून आत टोचायचं. वितळलेल्या प्लॅस्टिकच्या वासानं आत्ती दोनदा येऊन गेल्या. भोक कोळ्याच्या पुढच्या टणक भागापेक्षा बारीक हवं, पोट मऊ असतं, ते कुठूनही दाबून बाहेर निघतं. एका बाजूला खाली तीन ओळी, समोरच्या बाजूला वर तीन ओळी, म्हणजे हवा एकीकडून शिरून दुसरीकडून जाते. नुसती झाकणालाच भोकं पाडून भागत नाही. एका कुशीला मोठं भोक आणि त्याला स्पंजचा बोळा. त्यातून खाणं द्यायचं आणि सिरिंजनं खालच्या बाटलीच्या बुचात पाणी भरायचं.

"मागच्या वेळी एवढी भोकं पाडली असती तर," दाभण तापवता तापवता तो म्हणाला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी बरणी फिरवून दुसरी बाजू त्याच्या पुढं धरली.

कोळ्याला हलवायचं काम न्हाणीत केलं, मोरी बंद करून, जमिनीवर बसून, म्हणजे पडला तरी उंचावरून पडायला नको. हे उड्या मारतात, आणि अगदीच चिडले तर शी उडवतात. पोरानं रंगाच्या मऊ कुंचल्यानं मागून हळूच ढकललं. तो बरणीत जायचा सोडून कुंचल्यावरून थेट पोराच्या मनगटावर आणि तिथून कोपरापर्यंत. पोरगा श्वास रोखून बसला. मी बरणी हातावर पालथी धरली आणि आम्ही वाट पाहिली. पाच मिनिटं असतील. कोपराजवळचा तो एवढासा जीव एकेक पाय उचलून अंदाज घेत होता. मग चढला वर, फांदीवर.

मुंग्यांचा प्रश्न आत्तींनी सोडवला. माजघरात त्यांच्या लग्नातलं जाळीचं कपाट आहे. फ्रिज आल्यापासून त्यात लोणची असतात. त्याचे चारी पाय त्यांनी पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवले. "दूध नासू न्हाई म्हणून जाळी, आन् मुंग्या चढू न्हाईत म्हणून वाट्या. तुमच्या आधीपास्नं हाय हे," त्या म्हणाल्या. लोणच्यांच्या वरच्या फळीवर सुरीनाम.

पोरगा गेला. रोज रात्री फोन यायचा, आधी कोळ्याची चौकशी, मग आमची. मी केळ्याच्या सालीवर चिलटं धरायला शिकले, रातकिड्यांची बारीक पिल्लं चिमट्यानं सोडायला शिकले. उरलेलं खाणं दुसऱ्या दिवशी काढायचं, नाहीतर बुरशी. नगरपालिकेची डासांच्या धुराची गाडी आली की बरणी टॉवेलात गुंडाळून आतल्या खोलीत न्यायची आणि गाडी गेली की लगेच मोकळी करायची. डासांची कॉइल तर घरातून गेलीच.

सप्टेंबरअखेर परतीचा पाऊस लागला. कोळ्यानं खाणं सोडलं, वरच्या कोपऱ्यात जाड पांढरं जाळं करून आत गडप झाला. चार दिवस, सहा दिवस. हवेत तोच जुलैतला गारठा. एका रात्री मी उठले आणि कपाटापुढं उभी राहिले. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. कधी घेतली ते आठवत नाही.

तिथूनच पोराला फोन लावला. पावणेबारा झाले होते. सगळं सांगितलं. पिशवी, रबर, इस्त्रीचा फवारा, चूल.

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "आत्ता झाकलंयस का काही?"

"नाही."

"मग झाकू नको. कात टाकत असेल. हलवू पण नको." आणि ठेवला.

पुढचे चार दिवस फोन नाही. मी केला तर "लेक्चर आहे" असा मेसेज. त्याच्या वडिलांना वाटलं, परीक्षा असेल. मी काही बोलले नाही, पण ते गप्प राहणं आधीच्यासारखं नव्हतं. वर्षभर तो स्वतःला दोष देत होता, हे चार दिवस माझे होते.

पाचव्या दिवशी सकाळी जाळ्याच्या नळीच्या तोंडाशी काहीतरी लोंबत होतं. पुन्हा मिटलेली मूठ वाटली आणि पोटात गोळा आला. चष्मा लावून पाहिलं, ती नुसती कात होती. पोकळ, आठ पायांची, पाठीवरून झाकण उघडावं तशी उघडलेली. तिच्यामागं अंधारात तो. अंग आधीपेक्षा गडद, पावलं अजून तशीच काळसर.

फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. थोड्या वेळानं फोन वाजला.

"आठवडाभर खायला देऊ नको," तो म्हणाला. "दात कडक व्हायला वेळ लागतो. पाणी आहे का?"

"आहे."

"भोकांवर जाळं धरलंय का बघ. उजव्या बाजूला."

मी फोन कानाला लावूनच बरणी उजेडाकडं फिरवली आणि ओळी मोजायला लागले. मागून आत्ती विचारत होत्या, "कधी येनार म्हंतोय?"