तहानेचे माप

दिवसाकाठी आठ पेले पाणी प्यावेच, हे वाक्य आम्ही इतक्यांच्या तोंडून ऐकतो की, ही अकरावी आज्ञा तर नव्हे, अशी शंका यावी. वस्तुतः या आकड्याला शास्त्राचा भक्कम आधार नाही. अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली सुमारे अडीच लिटर पाणी सुचविले. त्यातील बहुतेक अन्नातूनच मिळते, हे पुढचे वाक्य मात्र लोक विसरले. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञांनी आठ पेल्यांचा पुरावा धुंडाळला. तो त्यांना सापडला नाही. निरोगी माणसाला एरवी तहानच पुरे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णाने डॉक्टरांचेच माप पाळावे.

परंतु जालन्याच्या वैशाखात रानात धसकटे वेचणाऱ्या बाईला आठ पेलेही अपुरे. आणि नेमकी तीच कमी पिते! शिवारात आडोसा नाही, म्हणून ती दिवसभर तहान मारते. २०१२-१३ च्या दुष्काळात तर टँकरचे पाणी आधी पाहुण्याला, मग मुलांना, आणि तळाचे तिला. लघवी गडद पिवळी होऊन जळजळू लागली, तरी ती कोणास सांगणार?

ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या उपवासात पूर्वी मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. पोप पायस बारावे यांनी १९५३ साली ते बंधन उठविले. तरीही काही वृद्ध माता मे महिन्यात कोरड्या घशानेच मिस्साला येतात. त्यांना आम्ही दाराशीच थांबवितो आणि आधी माठाकडे धाडतो.