गाभा नसलेले सोबती

कोषात अळी विरघळून जाते आणि त्या रसातून फुलपाखरू घडतं, असं आपण मुलांना सांगत आलो. पण सगळंच विरघळत नाही. नर अळीची दोन वृषणं शाबूत राहतात. बहुतेक फुलपाखरांत ती कोषावस्थेत एकमेकांकडे सरकतात, एकजीव होतात. पुष्कळदा हा गोळा लालभडक किंवा जांभळट असतो. तो रंग कुणाच्याही नजरेसाठी नसतो, आणि म्हणूनच मला तो पंखांवरच्या रंगांहून जवळचा वाटतो.

अळी पानं कुरतडत असतानाच आत शुक्राणूंची घडण सुरू झालेली असते. एका पेशीच्या चौसष्ट होतात, त्यांतून २५६ शुक्राणू. एका पिशवीत वाढलेले हे सारे भावंडांसारखे बिलगून, जुडीनेच पुढे निघतात. प्रत्येकाच्या डोक्यात केंद्रक, म्हणजे पुढच्या पिढीला द्यायचा सगळा ऐवज.

कोष बांधायची वेळ येते त्या सुमारास मात्र दुसरेच शुक्राणू घडू लागतात. जुडी लांबत जाते, तिच्यावरून आकुंचनाची लाट शेपटाकडे सरकते आणि केंद्रकं पिळून बाहेर टाकली जातात. उरतो तो बारीक, चपळ धागा. त्याला पोहता येतं, पण द्यायला काही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीडरिख मेवेस या जर्मन शास्त्रज्ञाने या दोन प्रकारांना वेगळी नावं दिली. अनेक जातींत नव्वद टक्क्यांहून अधिक शुक्राणू असे गाभा नसलेलेच असतात.

इतक्या साऱ्यांचं प्रयोजन काय? युरोपातल्या एका पांढऱ्या फुलपाखरावरचा १९९९ सालचा अभ्यास सांगतो, की ते मादीच्या शुक्रकोषात भरून राहतात आणि तिचं पुन्हा जुळणं लांबवतात. पण मन थबकतं ते फुलपाखरांच्या भाऊबंदातल्या रेशीमकिड्यापाशी. तिथे २०१९ मध्ये जपानी संशोधकांना दिसलं, की गाभा नसलेले शुक्राणू घडलेच नाहीत, तर केंद्रकवाले मादीच्या शरीरात पोचूनही शुक्रकोषापर्यंत जात नाहीत. लगोलग चिनी संशोधकांनी दोन वंध्य नर घेतले: एकाकडे धड फक्त केंद्रकवाले, दुसऱ्याकडे फक्त गाभा नसलेले. एकेकट्याने काही होईना. दोघांचाही एकाच मादीशी समागम झाला, आणि तिच्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडल्या.